अमॉस टॉलिव्हर यांची जयंती

माझ्या हातून आयुष्यात एकच शैक्षणिक उपक्रम झाला आणि त्याची ताबडतोब चौकशी लागली. हल्ली शिक्षक मंडळी ऊठसूट उपक्रम करतात आणि पेपरात फोटो छापून आणतात, म्हणून नम्रपणे नोंदवून ठेवतो, की १९७९ साली चौथीच्या वर्गाला जॅझ शिकवणारा भंडारा जिल्ह्यातला पहिला माणूस मी होतो. दुसरा अजून झाल्याचं ऐकिवात नाही. शाळा आसगावपासून दीड कोसावर होती. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही, कारण तिथले मुख्याध्यापक हयात आहेत आणि त्यांना तक्रारअर्ज लिहिण्याची हौस आहे.

आमच्या शाळेनं पृथ्वीचा गोल मागून तीन वर्षं झाली होती. दरवर्षी मागणीपत्र जायचं आणि दरवर्षी काहीतरी यायचं, पण गोल यायचा नाही. एका वर्षी लेझिमी आल्या, एका वर्षी हिवतापाचे तक्ते. ते वर्ष आंतरराष्ट्रीय बालवर्ष होतं, म्हणून एक लाकडी खोकं आलं. मुख्याध्यापक केशवराव बावनकर यांनी स्वतः खिळे उपटले. आत बारा इंग्रजी पुस्तकं निघाली. गुळगुळीत कागद, पानभर रंगीत चित्रं, आणि प्रत्येक चित्रात कोणी ना कोणी गाल फुगवून किंवा डोळे मिटून काहीतरी वाजवतंय. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, की अमेरिकेतल्या एका शाळेच्या मुलांनी भारतातल्या मित्रांसाठी जॅझ वाजवणाऱ्या कलावंतांची ही चित्रपुस्तकं पाठवली आहेत, ती वर्गात वापरावीत.

"वापरावीत?" केशवराव दचकले. शाळेची वस्तू ही तपासणीला दाखवण्यासाठी असते, वापरली की झिजते, असं त्यांचं बत्तीस वर्षांच्या नोकरीतून आलेलं मत होतं. त्यांनी जडवस्तूंच्या रजिस्टरात 'विदेशी वाजंत्र्यांची सचित्र पुस्तके, नग बारा' अशी नोंद केली, पुस्तकं कपाटात ठेवली आणि किल्ली जानव्याला बांधली.

मीही ती विसरलो असतो. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालो असलो, तरी तिसऱ्या वर्गात झालो आहे आणि कपाटातली पुस्तकं कपाटातच सुखी असतात याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण मध्ये आली बदली.

माझी बायको सुलोचना हीही शिक्षिका. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि ती सातही वर्षं ती दिघोरीकडे आणि मी इकडे. शनिवारची सकाळची शाळा सुटली, की सायकल, एस.टी. आणि पुन्हा कोणाची तरी मागून घेतलेली सायकल, असं करत मी दिवे लागायच्या वेळी तिच्या दारात पोचायचो. रविवारी दुपारी निघायचं. उन्हाळ्याच्या सुट्ट्या सोडल्या तर आमचा संसार हा असा दीड दिवसाचा होता. त्या जूनमध्ये तिची बदली माझ्या शाळेत झाली. पहिले पंधरा दिवस तर सोमवारी सकाळी उठून ती घरातच आहे, हे पाहून मला चुकल्यासारखं व्हायचं.

आणि नोव्हेंबरात शेजारच्या मारोतरावांनी बातमी आणली. मारोतराव निवृत्त तलाठी. तालुक्याच्या कचेरीत काय शिजतंय हे त्यांना तिथल्या साहेबांच्या आधी कळायचं.

"लांजेवार गुरुजी, बदलीची यादी बनून राहिली. तुमचं नाव नाकाडोंगरीले हाये."

नाकाडोंगरी म्हणजे तुमसरच्याही पलीकडे, एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला खाणी. जिल्हा तोच, एवढंच समाधान. तिथून शनिवारी निघालेला माणूस रविवारी पोचला असता आणि दारातूनच परत फिरला असता. सुलोचना पोळ्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलं. मला मात्र खरंच रडू यायच्या बेतात होतं.

"तोंड पाडून कायले बसता जी?" मारोतराव म्हणाले. "बालवर्ष चालू हाये. काई तरी उपक्रम दाखवा. तपासणीवाल्या बिसेन साहेबानं सांगितलं हाये, ज्याचा उपक्रम असन त्याले हात लावणार नाई."

अशा रीतीनं मी जॅझकडे वळलो.

केशवराव मला रोज एक पुस्तक पावतीवर देऊ लागले. सकाळी सही करून घ्यायचं, संध्याकाळी पानं मोजून परत. मुलांनी बोरिंगवर हात धुवायचे, वाळवायचे आणि मग हातांची घडी घालून लांबूनच पाहायचं. पहिलंच पुस्तक अमॉस टॉलिव्हर नावाच्या तुतारीवाल्याचं होतं. बाप नदीवर नाव चालवायचा, आई लोकांचे कपडे शिवायची. घरात वाद्य कुठलं? म्हणून लहानग्या अमॉसनं परसातल्या भोपळ्याचा पोकळ देठ तोडला, त्याला चीर दिली आणि फुंकला. तिथून तो पुढे मोठमोठ्या शहरांत वाजवायला गेला.

माझ्या आयुष्यात कुठलाही धडा इतक्या लवकर कोणाच्या डोक्यात शिरला नाही. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एकोणचाळीस मुलांपैकी सदतीस जणांच्या खिशात भोपळ्याच्या देठाच्या पिपाण्या होत्या. उरलेल्या दोघांच्या घरी वेल नव्हता, ते शेजाऱ्यांकडून आणायच्या प्रयत्नात होते. तीन दिवसांत गावातला एकही भोपळ्याचा वेल पानांसकट शिल्लक राहिला नाही. मारोतरावांची बायको सुशीलाबाई हातात उघडाबोडका वेल घेऊन माझ्या दारात उभी राहिली.

"गुरुजी, पोट्ट्याईले शाळेत हेच शिकवून राहिले का तुमी? आमी पोट्ट्याले कलेक्टर करू म्हणून धाडतो, आन् तुमी बाजेवाला बनवून राहिले!"

"सुशीलाबाई, हे जॅझ आहे," मी म्हटलं.

"जे असन ते असो जी. माह्या वेलाले कवळे भोपळे लागले होते."

सुलोचनानं तिला आत नेऊन चहा दिला म्हणून प्रकरण ग्रामपंचायतीपर्यंत गेलं नाही. मारोतरावांचं म्हणणं असं पडलं, की उपक्रमाचा बोभाटा होणं हे चांगलंच लक्षण आहे.

माझी खरी अडचण निराळी होती. जॅझ म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं. माझ्या शब्दकोशात 'एक प्रकारचे गोंगाटी नृत्यसंगीत' एवढंच दिलं होतं, आणि त्या वर्णनात आमची मधली सुट्टीही बसली असती. त्यात त्या पुस्तकाचं पान नऊ. एका घराच्या ओसरीवर पाच माणसं वाजवताहेत, पाचही जणांची तोंडं पाच दिशांना, आणि खाली एकच ओळ. तिचा मी केलेला अनुवाद असा: 'प्रत्येक जण आपापल्या वाटेने गेला, आणि सगळे एकाच वेळी मुक्कामाला पोचले.' मुलं म्हणाली, गुरुजी, असं कसं होईल? मी म्हटलं, उद्या सांगतो. शिक्षकाला हे वाक्य दिल्याबद्दल मी देवाचा ऋणी आहे.

तो 'उद्या' यायच्या आत केशवरावांनी पुस्तकाचं शेवटचं पान पाहिलं. तिथे टॉलिव्हर यांची जन्मतारीख होती. चार डिसेंबर.

केशवरावांना इंग्रजी फारसं यायचं नाही, पण जन्मतारीख कुठल्याही भाषेत दिसली तरी त्यांच्या अंगात यायचं. जयंती हा त्यांच्या शाळेचा कणा होता. प्रतिमापूजन, नारळ, तीन भाषणं आणि तालुक्याला अहवाल. अहवालाचे छापील कागदच त्यांनी करून घेतले होते, फक्त थोर पुरुषाचं नाव भरायचं.

"लांजेवार, चार तारीख परवाच आहे," ते म्हणाले. "उपक्रमाला जयंतीची जोड मिळाली तर तुमची बदली करायची कोणाची हिंमत आहे?"

मी कसाबसा विरोध केला. पण बदलीच्या नावानं माझा विरोध कायम लटका पडायचा. चार तारखेला टेबलावर पांढरी चादर पसरली गेली. प्रतिमा नव्हती, म्हणून पुस्तकच उघडून दोन विटांच्या आधारानं उभं केलं. झेंडूचा हार पुस्तकापेक्षा मोठा झाला. केशवरावांनी डोळे मिटून, सवयीनं, अंगठा कुंकवात बुडवला आणि अमॉस टॉलिव्हर यांच्या कपाळावर टेकवला. गुळगुळीत कागदावर कुंकू काय छान बसतं म्हणून सांगू! मी पुसायला गेलो तर ते पसरून भुवयांपर्यंत आलं.

मग केशवराव बोलले. त्यांचं भाषण सर्व थोर पुरुषांसाठी एकच असे. अमॉसजींनी रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला, आईवडिलांच्या आज्ञेत राहिले आणि देशासाठी तुरुंगवास भोगला, असं त्यांनी सांगितलं. मी मान खाली घालून बसलो होतो. चौथीतली सत्यभामा उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, तुरुंगाचं पान आमाले दाखवलंच नाई." ही पोरगी पुस्तक लांबून पाहूनही पाठ करायची. तिला खाली बसवण्यात आलं.

अहवाल गेला. आठच दिवसांत उत्तर आलं, आणि इतक्या लवकर आलेलं उत्तर कधीच चांगलं नसतं. 'श्री. अमॉस टॉलिव्हर यांची जयंती साजरी करण्याबाबत कोणत्या परिपत्रकाचा आधार घेण्यात आला? सदर व्यक्ती कोण? उपक्रमप्रमुख श्री. लांजेवार यांनी समक्ष खुलासा करावा. शिक्षण विस्तार अधिकारी श्री. टेकचंद बिसेन वीस तारखेला भेट देतील.'

केशवरावांनी तो कागद माझ्याकडे असा सरकवला, की जणू त्या शाळेशी त्यांचा कधी संबंधच आला नव्हता. मारोतराव म्हणाले, "आता काई खरं नाई बाप्पा." सुलोचनानं त्या रात्री माझ्या दोन शर्टांची बटणं लावली आणि ते ट्रंकेच्या वर ठेवून दिले.

बिसेन साहेबांबद्दल सगळा तालुका एक गोष्ट सांगायचा. तपासणी पूर्ण झाल्याशिवाय हा माणूस खुर्चीला पाठ टेकत नाही. चहा उभ्यानं, सही उभ्यानं, रागावणंही उभ्यानं. मी ठरवलं, की खुलासा तोंडी देण्यापेक्षा वर्गच दाखवावा. त्यासाठी आमच्या गावच्या बाजाचा म्हातारा मास्तर परसराम याला गाठलं. त्याच्याकडे पितळी कॉर्नेट होतं, ते टॉलिव्हरच्या तुतारीच्या धाकट्या भावासारखं दिसायचं. म्हटलं, वर्गात येऊन मुलांना दाखव, थोडं फुंक.

"येतो ना जी," परसराम म्हणाला. "लगनाचे दिवस नाईत, बसूनच आहो."

मला माहीत नव्हतं, की त्याच संध्याकाळी केशवरावांनीही त्याला गाठलं होतं. साहेबांचा राग निवळावा म्हणून त्यांनी सगळा बाजा, चारही माणसं, शाळेच्या फाटकात स्वागताला सांगितली होती. परसरामला वाटलं, दोघांचं एकच काम आहे.

वीस तारखेला साहेबांची मोटारसायकल थांबली. केशवरावांनी लगबगीनं गळ्यात हार घातला. साहेब काही बोलणार, तोच परसरामनं कॉर्नेट उचललं आणि बाजा सुरू झाला. परसरामला स्वागताची एकच चाल येत होती, ती मांडवात नवरदेव येतो तेव्हाची.

साहेबांनी हात वर केला. बाजा चढला. साहेब ओरडले, पण ढोल त्यांच्या कानाजवळच होता. आवाज ऐकून शेतातली, घराघरातली माणसं गोळा झाली. सुशीलाबाई तर ताटात दिवा लावूनच आली, कारण दारात बाजा आणि गळ्यात हार म्हटल्यावर ओवाळायचं असतं, एवढं तिला माहीत होतं. मी परसरामच्या कानात ओरडलो, "थांबव!"

त्यानं कॉर्नेट क्षणभर बाजूला केलं. बाकीचे वाजवतच होते. "कसं थांबवू जी? हारवाला माणूस टेकला नाई अजून. तो टेकायच्या आंदी बाजा तोडला त लगन तुटते. माह्या बापानं कदी तोडला नाई, मी काहून तोडू?" आणि पुन्हा फुंकायला लागला.

आता पाहा माझी दशा. नवरदेव टेकल्याशिवाय बाजा थांबणार नाही, आणि तपासणी झाल्याशिवाय साहेब टेकणार नाहीत. साहेब तसेच तरातरा वर्गात शिरले, मागून बाजा शिरला, मागून गाव. साहेबांनी टेबलावरचं टॉलिव्हरचं पुस्तक उघडलं. कपाळभर कुंकू पाहून त्यांनी केशवरावांना काहीतरी विचारलं. ओठांच्या हालचालीवरून तो 'जडवस्तू' हा शब्द असावा. केशवरावांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

पंधरा मिनिटं झाली. स्वागताची चाल एवढा वेळ कोणी वाजवली नव्हती. परसराम कंटाळला असावा, कारण त्यानं मधूनच धानाच्या रोवणीच्या गाण्याची चाल धरली. क्लॅरिनेटवाला जुन्याच चालीवर राहिला. ढोलवाल्यानं दंडारीच्या नाचाचा ठेका लावला, आणि ताशावाला दोघांच्या मधून स्वतःच्याच तंद्रीत कुठेतरी निघाला. सगळं कोसळणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. पण कोसळलं नाही. चौघं चार दिशांना गेले, एकमेकांना सोडून गेले, हाका मारल्यासारखे पुन्हा जवळ आले आणि ठेक्यावर नेमके एकत्र उतरले.

सत्यभामा बाकावर उभी राहून किंचाळली, "गुरुजी, पान नऊ! पान नऊ!"

आणि सगळा वर्ग तेच ओरडायला लागला. मला तेव्हा कळलं, की मी महिनाभर मुलांना शिकवत होतो ते काय होतं. हसावं की रडावं कळेना. मी हसलो, आणि ते नेमकं साहेबांनी पाहिलं.

त्यांचा चेहरा जांभळा झाला. तेव्हा सुलोचना पुढे आली. तिनं खुर्ची उचलली, साहेबांच्या मागे ठेवली, पदर सावरला आणि त्यांच्या कानाजवळ जाऊन म्हणाली, "साहेब, आधी टेका, मंग रागवा. नाई त हे दिवसभर वाजवतीन."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, बाजाकडे पाहिलं आणि मटकन बसले. त्याच क्षणी बाजा थांबला. एवढी शांतता पडली, की सुशीलाबाईच्या ताटातला दिवा फडफडल्याचं ऐकू आलं. तिनं संधी साधून साहेबांना ओवाळून घेतलं.

साहेब गळ्यातला हार चाचपत हळू आवाजात म्हणाले, "माह्या लगनात बाजा नव्हता. आजोबा आठ दिवस आंदी गेले होते. मुकाट्यानं अक्षता टाकल्या." मग परसरामकडे वळून म्हणाले, "ते मंगाचं, चौघं वेगळे गेले ते, एक डाव आणखी वाजवा."

परसरामनं वाजवलं. साहेबांनी मुलांना विचारलं, हा कुंकूवाला कोण? एकोणचाळीस मुलांनी त्याचं सगळं चरित्र सांगितलं, नावाड्या बापापासून भोपळ्याच्या देठापर्यंत. सत्यभामानं तो तुरुंगात गेला नव्हता, हे वेगळं स्पष्ट केलं. साहेबांनी रजिस्टरात स्वतःच्या हातानं लिहिलं: 'एका नगास कुंकू लागले आहे, हरकत नाही.' निघताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"लांजेवार, असा उपक्रम मी पाहिला नाही. बोला, काय पाहिजे?"

अशा वेळी माणसानं नीट विचार करून बोलावं. मला सांगायचं होतं, की साहेब, माझी बदली नाकाडोंगरीला करू नका. पण समोर सुलोचना खुर्ची उचलत होती, आणि मी एवढंच बोललो, "साहेब, आम्हा दोघांना वेगळं करू नका."

"झालं समजा," साहेब म्हणाले आणि हार घालूनच मोटारसायकलवर बसले.

दहा दिवस मी गावात छाती काढून फिरलो. सुशीलाबाईनं भोपळ्याचं बी पेरायला माझ्याच हातात दिलं. केशवराव मला 'आपण' म्हणू लागले. मारोतरावांनी तर ही सगळी युक्ती आपलीच, असं तीन गावांत सांगितलं.

अकराव्या दिवशी आदेश आला. मी शाळेच्या ओसरीत उभ्यानं वाचला आणि मग बसून वाचला. 'श्री. व सौ. लांजेवार यांचा उपक्रम अनुकरणीय आहे. सबब त्यांस परस्परांपासून विभक्त न करता, दोघांचीही बदली नाकाडोंगरी येथे करण्यात येत आहे. तेथे उपक्रम चालू ठेवावा. पुस्तके नग बारा सोबत न्यावीत.'

केशवरावांनी जानव्याची किल्ली सोडली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते बारा नग कमी होणार म्हणून होतं की आमच्यासाठी, हे मला आजही सांगता येणार नाही.

घरी येऊन मी कागद सुलोचनाच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. स्वतःच्या तोंडानं मी तिलाही जंगलात ओढून नेत होतो. तिनं तो दोनदा वाचला. मागून हसू ऐकू आलं, म्हणून मी वळून पाहिलं.

"अगं, नाकाडोंगरी आहे ती," मी म्हटलं. "समजतं का तुला?"

"समजते ना जी," ती म्हणाली. डोळे पुसत होती आणि हसतही होती. "पण तिथं मले शनवारची वाट पाहा लागणार नाई."

मी उठलो आणि ट्रंक बांधायला दोरी शोधू लागलो.